सभामंडपातील विसरलेली नावे

गोमंतकातील देवालयांचा इतिहास लिहिताना जीर्णोद्धार, सनदा आणि महाजनांच्या वंशावळी यांची नोंद अगत्याने होते. ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी सभामंडपात पिढ्यान् पिढ्या गायनसेवा केली, त्यांची नावे मात्र क्वचितच आढळतात. पोर्तुगीज सरकारच्या १९३३ च्या देवस्थान नियमावलीनेही कारभार महाजनांच्या हाती ठेवला. कलावंतांकडे राहिली ती केवळ सेवा.

फोंडे महालातील केरी येथे १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई आणि सांगे महालातील कुर्डी येथे १९०४ साली जन्मलेल्या मोगूबाई या अशाच घराण्यांतील. दोघींनी अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेतली. दोघींनी आपल्या गावाचे नाव आडनाव म्हणून देशभर मिरविले. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे.

कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील महादेवाचे प्राचीन मंदिर दगड न् दगड हलवून अन्यत्र उभारण्यात आले, हे योग्यच झाले. आता देवस्थानांनी देणगीदारांच्या नामावलीशेजारी या गायिकांची नावेही कोरावीत, असे आम्हांस वाटते. हे जुने देणे आहे, आणि अशा देण्याला कायद्यातील मुदतीची मर्यादा लागू होत नाही.