व्हायोलिनचे मास्तर कोठून आले?

मी व्हायोलिन प्रथम ऐकले ते कनेरगाव नाक्यावरच्या एका हॉटेलातील रेडिओवर, सिनेमाच्या गाण्यात. वाजविणारा कोण, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. पुढे हमालांच्या संघटनेचे काम करता करता एक खोड लागली. कोणतेही कसबाचे काम पाहिले की विचारावयाचे, याला हे कोणी शिकविले, आणि शिकविणाऱ्याचा पगार कोण देत होते? आजचा विषय त्या खोडीतून निघाला आहे.

अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाने १९४८ साली मुलांना व्हायोलिन व त्या जातीची वाद्ये शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. तेथे शिकविणारे म्हणजे विद्यापीठाचेच विद्यार्थी. जाणत्या अध्यापकांच्या देखरेखीखाली ते मुलांना शिकवितात आणि शिकविता शिकविता स्वतः शिक्षक होतात. युक्ती उत्तम आहे. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा निघाली व पुढे ती तेथील विद्यापीठात सामील झाली. परंतु व्हायोलिनचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या घडविणारी आपली खरी शाळा विद्यापीठात नव्हती. ती गोव्यातील खेड्यांच्या चर्चमध्ये होती.

पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून शाळा असे. तेथे शिकविणाऱ्याला 'मेस्त्र' म्हणत. (बांधकामावरचा आपला 'मिस्त्री' हा शब्दही त्याच घराण्यातला. मला हे कळले तेव्हा फार बरे वाटले!) मूल आले की आधी वाद्य हाती मिळत नसे. हाताने ताल धरून स्वरांची नावे म्हणावयाची, लिहिलेली स्वरलिपी डोळ्यांनी वाचावयाची, आणि मग व्हायोलिन. चर्चला प्रार्थनेसाठी गाणारे-वाजविणारे हवे होते, म्हणून मेस्त्राचे वेतन चर्च देई. त्यामुळे गरीब ख्रिस्ती घरातील पोरालाही ही विद्या मिळाली. इतर धर्मांच्या मुलांसाठी ही शाळा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. विद्या फुकट होती, पण तिची दारे सर्वांना उघडी नव्हती.

गोव्यात या विद्येवर पोट भरणे कठीण, म्हणून माणसे मुंबईस आली. पलटणींचे बँड, हॉटेले, मूकपटांची थिएटरे आणि नंतर बोलपट, जेथे मजुरी तेथे ती गेली. स्वरलिपी झरझर वाचणारा वादक चित्रपटसृष्टीला हवाच होता. गाण्याची चाल संगीत दिग्दर्शकाची असे. पन्नास वादकांनी काय वाजवायचे ते मात्र सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय कागदावर उतरवीत. पडद्यावर त्यांचे नाव क्वचितच येई. कारखान्यात याला काय म्हणतात ते आम्हांस ठाऊक आहे.

अँथनी गोन्साल्विस यांचेच पाहा. जन्म १९२७, गाव माजोर्डा, वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख. विद्या घरातूनच आली. १९४३ च्या सुमारास ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या मुलांत राहुलदेव बर्मन होते आणि प्यारेलाल शर्माही होते. प्यारेलाल यांचे वडील ट्रंपेटवादक, म्हणजे पोरगा वादकाच्याच घरातला, तरी व्हायोलिनसाठी मास्तर शोधावा लागला तो गोव्याचाच. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी हिंदुस्थानी रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालण्याचा प्रयोग केला. साठोत्तरी काळात ते अमेरिकेतील सिरॅक्यूस विद्यापीठात गेले. खेड्यातील चर्चच्या विद्येला विद्यापीठाचे दार उघडले ते असे, उलट्या बाजूने.

परत आल्यावर ते चित्रपटांपासून दूरच राहिले. १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. त्यातील एका गाण्यात शिष्याने गुरूचे नाव घालविले, आणि ते नाव देशभर गल्लोगल्ली झाले. नाक्यावरच्या त्या रेडिओवर मी ते शेकडो वेळा ऐकले असेल. असा कोणी मास्तर खरोखरच माजोर्ड्यास राहतो, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. २०१२ च्या जानेवारीत ते गेले.