बडोदे संस्थानातील प्राथमिक शाळा आणि जगाचे दर्शन

खेड्यातील प्राथमिक शाळेत बसणाऱ्या मुलाला दूरदेशीच्या लोकांची ओळख करून द्यावी काय, आणि द्यावयाची झाल्यास ती कोणत्या साधनांनी द्यावी, हा प्रश्न आज शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहज आढळतो. मराठी मुलखाशी जवळचे नाते असलेल्या बडोदे संस्थानात मात्र तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतच प्रत्यक्ष कारभाराचा विषय झाला होता. विशेष म्हणजे, त्याचे उत्तर शाळाखात्याने जितके शोधले त्याहून अधिक ग्रंथालयखात्याने शोधले. ग्रंथालयाच्या इतिहासात रस असणाऱ्या वाचकाला हा भाग म्हणूनच जवळचा वाटेल.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. १८७५ साली दत्तक घेतले जाईपर्यंत, म्हणजे वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतकऱ्याच्या घरातील एक मूल अकस्मात मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांच्या शिक्षणाला बसले. १८८७ साली ते प्रथम युरोपास गेले आणि पुढे आयुष्यभर प्रवास करीत राहिले. त्या प्रवासांबद्दल इंग्रज अधिकाऱ्यांची कुरकुर होती, तशी प्रजेतही काहींची होती. परंतु महाराज परदेशी जे पाहत ते आपल्या संस्थानात कसे आणता येईल याचा विचार करीत परतत, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही.

१८९३ साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो कायद्याने सबंध संस्थानाला लागू झाला. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. आपल्या देशात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २००९ साली कायद्याने ठरला, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. पण सक्तीने शाळेत आलेले मूल दोनतीन इयत्ता करून शेतावर परतले की वर्षादोन वर्षांत शिकलेले विसरू लागे. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, तेथे अक्षरे टिकावीत कशी? ग्रंथालयांची चळवळ निघाली ती या अडचणीतून. ती केवळ विद्वानांच्या सोयीसाठी निघाली असा जो समज आहे, तो चुकीचा आहे.

अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना महाराजांनी १९१० साली बडोद्यास आणले. १९१३ पर्यंतच्या तीन वर्षांत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग चालविले आणि तालुक्यापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयांची साखळी आखली. महाराजांनी राजवाड्यातील स्वतःचा सुमारे वीस हजार ग्रंथांचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. गावकऱ्यांनी जितकी वर्गणी जमवावी तितकीच रक्कम सरकारने आणि तितकीच पंचायतीने घालावी, अशी ती योजना होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पंधरा ते तीस पुस्तकांची लाकडी पेटी जाई. पेटीच्या वाहतुकीचा खर्च सरकारचा. ही फिरती ग्रंथालये पुष्कळदा गावच्या शाळेतच उतरत, कारण गावात पुस्तक सांभाळणारा माणूस म्हटला म्हणजे शाळामास्तरच.

याच खात्याची एक शाखा दृश्यशिक्षणाची होती, आणि या लेखाचा मुख्य विषय तीच आहे. मॅजिक लँटर्नच्या काचा, स्टिरिओस्कोप, चित्रांची कार्डे आणि सिनेमाचे यंत्र अशी तिची साधने होती. आजच्या मुलाला स्टिरिओस्कोप ठाऊक असण्याचे कारण नाही. एकाच दृश्याची, दोन डोळ्यांतील अंतराइतक्या फरकाने घेतलेली दोन छायाचित्रे एका जाड कार्डावर शेजारी चिकटविलेली असतात. दोन भिंगांतून ती पाहिली असता दृश्याला खोली येते. जवळचा माणूस जवळ दिसतो, मागचा डोंगर खरोखर मागे जातो. अमेरिकेतील अंडरवुड अँड अंडरवुड ही कंपनी देशोदेशीच्या अशा कार्डांचे संच विके आणि त्यांच्याबरोबर नकाशे देई. छायाचित्रकार नेमका कोठे उभा होता आणि कोणत्या दिशेला पाहत होता, हे नकाशावर दाखविलेले असे. मुलाने प्रथम नकाशात जागा शोधावी, मग डोळ्यांस यंत्र लावावे. भूगोल शिकविण्याची याहून चांगली रीत त्या काळी क्वचितच कोणास सुचली असेल.

तिच्यात एक उणीव होती. स्टिरिओस्कोपमधून एका वेळी एकच मूल पाहू शकते. चाळीस मुलांच्या वर्गात ते यंत्र हातोहात फिरू लागले की गुरुजींचे सारे लक्ष रांग लावण्यात जाणार. मॅजिक लँटर्नचे तसे नाही. पांढरा पडदा टांगला, अंधार झाला, की मुले आणि मोठी माणसे एकत्र बसून चित्र पाहतात, आणि दाखविणारा त्यांच्याच भाषेत समजावून सांगतो. चित्रापेक्षा हे समजावून सांगणेच महत्त्वाचे असते. चित्र घर दाखवील, पोशाख दाखवील. परंतु त्या लोकांची घरे उतरत्या छपरांची का, ते भाताऐवजी पाव का खातात, हे सांगावयास जिवंत मनुष्य लागतो. तो जाणता नसेल तर पाहणाऱ्याला जग म्हणजे एक तमाशा वाटतो, आणि चित्रातील माणसे हसण्याचा विषय होतात.

हा धोका काल्पनिक नव्हता. त्या काळच्या इंग्रजी भूगोलाच्या पुस्तकांत जगातील लोकांची रानटी, अर्धवट सुधारलेले आणि सुधारलेले अशी वाटणी सर्रास केलेली असे, आणि आपल्या भाषांतील क्रमिक पुस्तकेही बहुधा त्याच घाटाची होती. राजधान्या, नद्या आणि निर्यातीचे जिन्नस पाठ करावयाचे, आणि लोकांविषयी दोन ओळींचा निवाडा ऐकावयाचा. त्या निवाड्यात हिंदुस्थानचे स्थान कोठे असे हे वेगळे सांगावयास नको. बडोद्याच्या दृश्यशिक्षणाने हा निवाडा पुसून टाकला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र मुलाने ऐकून पाठ करण्याऐवजी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढी संधी तिने निश्चित दिली.

पुस्तकांच्या बाबतीत महाराजांची दृष्टी अधिक स्पष्ट होती. देशी भाषांत ग्रंथ निर्माण व्हावेत म्हणून १९१२ साली त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. श्रीसयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्रीसयाजी बालज्ञानमाला या माला त्यातूनच उभ्या राहिल्या, आणि त्यांत गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान मिळाले. संस्थानातील बहुसंख्य प्रजा गुजराती होती. मराठी मुले मुख्यतः बडोदे शहरातील. त्यांच्या दृष्टीने पहिला ‘परदेश’ म्हणजे शेजारच्या घरातील गुजराती होता, आणि गुजराती मुलाच्या दृष्टीने मराठी. ग्रंथालयखात्याचे ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिकदेखील इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे. दूरच्या संस्कृतींचे कौतुक करताना शेजारची भाषा मुलाच्या कानी पडत राहणे, हे बडोद्याचे खरे वैशिष्ट्य मानावयास हवे. पुढे जे मराठी लेखक आणि शिक्षक बडोद्याने दिले, त्यांच्या दुभाषी घडणीचे मूळ येथे सापडते.

याच शहरातील कमाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, संग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली. इजिप्तची ममी तेथे आहे, चीन, जपान आणि तिबेटच्या वस्तू आहेत. कार्डावरचे चित्र कितीही खोल दिसले तरी ते चित्रच, आणि ममीपुढे उभे राहिलेले मूल कित्येक शतकांपूर्वीच्या एका खऱ्या माणसापुढे उभे असते. खेड्यातील मुलाच्या वाट्याला अर्थात हे येत नव्हते.

या साऱ्या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बडोदे सरकारने अंत्यज मुलांसाठी १८८० नंतरच्या दशकातच वेगळ्या शाळा काढल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. १९०८ साली आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांजकडे या शाळांची देखरेख आली, तेव्हा कामाला वेग आला. तथापि ज्या गावात मुलांना लंडन आणि टोकिओ दाखवावयाचे, त्याच गावात दोन शाळा होत्या, आणि एका शाळेतील मुलाला दुसऱ्या शाळेच्या ओट्यावर चढण्याची मुभा नव्हती. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार नोकरीसाठी १९१७ साली ते बडोद्यास आले तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, आणि जात कळताच त्यांना तेथूनही बाहेर काढण्यात आले. काही दिवसांतच ते बडोदे सोडून मुंबईस परतले.