कंटाळा, खेळ आणि व्यायाम : प्रस्तावना

लकवा मारलेला हात पुन्हा कामाला लागायचा तर तीच हालचाल रोज शेकडो वेळा करावी लागते. प्रत्यक्षात काय घडते? अमेरिका-कॅनडातल्या उपचारकेंद्रांतील तीनशेहून अधिक सत्रे तपासून 2009 मध्ये निघालेला आकडा असा : हाताने कामाची हालचाल, एका सत्रात सरासरी 32 वेळा. उपचाराला वेळ अपुरा मिळतो, हे खरेच. उरलेला सराव घरी व्हावा अशी अपेक्षा असते, आणि घरी माणूस कंटाळतो.

या कंटाळ्यावर खेळाचा उतारा शोधणाऱ्या क्षेत्रात तुमचे स्वागत. 2006 मध्ये निन्टेन्डोचा ‘वी’ हा व्हिडिओ खेळसंच आला. हात हलवला की पडद्यावरचा खेळाडू हलू लागला आणि फिजिओथेरपिस्टांनी तो उत्साहाने उचलला. दहा वर्षांनी ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त गुस्तावो सापोस्निक आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. चार देशांतले लकव्याचे 141 रुग्ण. काहींना वी, बाकीच्यांना पत्ते, डोमिनो, चेंडू असले साधे खेळ. हाताच्या सुधारणेत फरक आढळला नाही. अनेकांना हा निकाल निराशेचा वाटला असेल. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांकडे पाहताना मला तो आनंदाचा वाटतो : साधे, हाताशी असलेले खेळही पुरू शकतात.

पाड्यावरून तालुक्याच्या रुग्णालयात यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सराव पाड्यावरच व्हायला हवा; पण तिथे पडदे नेण्याआधी मुळात काय आहे ते पाहावे. तिथल्या वारली आदिवासींचा तारपा नाच घ्या. वाळलेला दुधी आणि बांबू यांचा तारपा वाजवणारा मधोमध. त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली माणसांची रांग. सूर बदलला की पावले बदलतात. एका पायावरून दुसऱ्यावर भार घेणे, बाजूला सरकणे, वळणे : तोल सुधारण्याच्या व्यायामात आपण हेच शिकवतो. तालाचा आधार देऊन चालणे सुधारता येते, हे मायकल थाउट यांनी 1990 च्या दशकातच दाखवले होते. इथे तर ताल आहे आणि दोन्ही बाजूंनी धरणारी माणसेही आहेत. (डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतला फेर पाहा, रांग कुठे तुटत नाही.)

तरी नाच म्हणजे उपचार नव्हे. या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा सांध्यावर रात्रभराचा फेर घातकच. हातासाठी सागरगोटे चांगले, पण बोटे अजून उघडतच नसतील तर तेही नकोत. आधी हालचाल ठरवायची, मग तिच्या मापाचा खेळ शोधायचा. बरीच उत्साही पुस्तके नेमकी इथे उलटी चालतात.

विद्यार्थ्यांना एक विनंती. पुढच्या प्रकरणांतले खेळ जसेच्या तसे पाड्यावर नेऊ नका. आजारी पडण्याआधी काय खेळत होता, कशावर नाचत होता, हे रुग्णाला विचारा, आणि सुरुवात त्यातूनच करा.