शीळ, तबकडी आणि भावगीत

एखाद्या संगीतप्रकाराची व्याख्या करावयाची म्हणजे त्याच्या घटकांची यादी करावयाची, अशी आपली समजूत असते. अमुक ताल, अमुक वाद्ये, गळा हवाच किंवा नसला तरी चालेल, अशी ही यादी. हिपहॉपविषयी गेली काही दशके चाललेला वाद याच धर्तीचा आहे. शब्द उच्चारणारा कोणी नसेल, केवळ ठेका आणि जुन्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले तुकडे असतील, तर त्या रचनेस हिपहॉप म्हणावे काय? प्रश्न न्यूयॉर्कचा असला तरी त्याच्या जवळचा एक पेच मराठीतही पडला होता, आणि त्याचे एक टोक बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे आहे.

मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३२ मध्ये तिची तबकडी एच.एम.व्ही.ने काढली. मराठी भावगीताचा आरंभ सामान्यतः या तबकडीपासून मानला जातो. कवितेचा विषय मात्र लक्षणीय आहे. रानातून जाणारी शीळ म्हणजे शब्दावाचूनचा स्वर. ज्या प्रकारात शब्दाला एवढी प्रतिष्ठा मिळावयाची होती, त्याची पहिली गाजलेली रचना निःशब्द सुरावटीविषयी असावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

कविता गाणे ही काही १९३२ची नवलाई नव्हे. रविकिरण मंडळाचे कवी १९२०नंतरच्या दशकात आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखवीत होते. परंतु काव्यगायनात चाल ही कवितेची सोबतीण असते; ती बदलली तरी कवितेचे काही बिघडत नाही. वारकरी परंपरेत हे अधिक स्पष्ट दिसते. शेगावहून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत एखादा अभंग एका चालीत म्हटला जाईल आणि दुसऱ्या दिंडीत निराळ्या. अभंग तोच राहतो. नाट्यपदाची गोष्ट नेमकी उलटी. तेथे पुष्कळदा चीज आधी असे आणि तिच्या मापाने शब्द बेतले जात. म्हणजे अभंगात चाल बदलता येते, नाट्यपदात शब्द. गळा दोहोंतही आहे, तरीही हे प्रकार भिन्न आहेत. गळ्याच्या असण्यानसण्याने येथे काहीच ठरत नाही.

भावगीतात एक कविता आणि एक चाल यांची गाठ कायमची बांधली जाते. ही गाठ बांधली तबकडीने. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. त्या मर्यादेत एकदा जे कोरले गेले ते घरोघरी तसेच्या तसे ऐकू येऊ लागले. ‘शीळ’ला उद्या कोणी दुसरी चाल लावली तर कविता तीच राहील, भावगीत मात्र दुसरे होईल. आपली भाषाही हा भेद जाणते. बासरीवर ते सूर वाजले तर आपण ‘भावगीताची धून’ म्हणतो, नुसते ‘भावगीत’ म्हणत नाही. ओळखीच्या श्रोत्याच्या मनात शब्द आपोआप उमटतात, हे खरे. पण त्यांची उणीव त्याला जाणवलेली असते, हेच षष्ठीचा तो प्रत्यय सांगतो.

आता हिपहॉपकडे पाहावे. रॅपला पोवाड्याचा धाकटा भाऊ ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे हौस आहे. साम्य वरवरचे आहे. शाहिराला आधी कथा हवी. डफ-तुणतुणे तिच्या पाठीशी उभे राहते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये कूल हर्क याने जे केले त्यात कथा नव्हती. दोन तबकड्या शेजारी ठेवून गाण्यातील नुसत्या ठेक्याचा तुकडा तो पुनःपुन्हा लांबवीत होता. नाचणाऱ्यांना चेतवणाऱ्या आरोळ्या त्यावर आल्या, आणि त्या आरोळ्यांची पुढे सलग पद्ये झाली. १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ गाजले तेव्हा बाहेरच्या जगाला शब्दच मूळ वाटले. डीजे शॅडोचा ‘एंड्ट्रोड्यूसिंग’ (१९९६) किंवा जे डिलाचा ‘डोनट्स’ (२००६) हे रॅपरवाचूनचे संग्रह त्यामुळे अपवाद ठरत नाहीत. ते उगमाच्या अधिक जवळ आहेत. हिपहॉपला गायकाची गरज नाही, असे माझे मत आहे. भावगीताला ती आहे. आणि तरीही दोन्ही प्रकार तबकडीचीच अपत्ये आहेत: एकाने तिच्यावर गाठ पक्की केली, दुसऱ्याने तिच्यावरची गाठ सोडवून तुकडे मोकळे केले.

हा भेद केवळ वर्गीकरणाचा असता तर संगीतशास्त्रावर सोपवून देता आला असता. परंतु मराठी समीक्षेने ‘भावगीत’ ही संज्ञा पाश्चात्त्य ‘लिरिक’साठीही वापरली आणि पुढे वाचावयाच्या कवितेसाठी ‘भावकविता’ असा शब्द वेगळा काढला. (मूळ ग्रीक संज्ञा एका तंतुवाद्यावरून आली आहे; आपण ती भावावर नेऊन ठेवली.) या वाटणीची किंमत ना. घं.च्या कवितेला द्यावी लागली. तबकडी १९३२ची, ‘शीळ’ हा त्यांचा पहिला संग्रह १९५४चा. बावीस वर्षे वाचकांच्या कानी चाल होती, हाती पुस्तक नव्हते. पुस्तक आले तेव्हा कवीवर ‘गेय’ हा शिक्का बसून गेला होता, आणि आपल्या समीक्षेत गेय म्हणजे सुगम, सुगम म्हणजे सोपे, अशी घसरण फार लवकर होते. ‘अभिसार’ १९६३ मध्ये आला, ‘खूणगाठी’ १९८५ मध्ये. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘खूणगाठी’ला, १९८६ मध्ये.

‘शीळ’ आज चालीवाचून वाचणे जवळजवळ अशक्य आहे, आणि त्यात खंत करण्यासारखे काही नाही. ती गाठ सुंदर आहे. पण त्याच कवीच्या न गायिलेल्या कविता त्या गाठीच्या मापाने मोजणे हा निराळा प्रकार आहे. ‘खूणगाठी’ वाचताना कानात कोणाचाही आवाज आधीपासून बसलेला नसतो. तेथे लय ओळीची ओळीलाच सांभाळावी लागते, आणि ती कशी सांभाळली आहे हे पाहण्यासाठी तो संग्रह मोठ्याने, परंतु न गाता वाचावा लागतो.