लंकेतील एका आलेखाची कथा

एका प्रांतात आत्महत्या अधिक का होतात आणि शेजारच्या प्रांतात कमी का, या प्रश्नाचे उत्तर एमिल द्युरखेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली धर्म, कुटुंब आणि समाजबंधने यांत शोधले. प्रत्येक समाजाचे हे प्रमाण वर्षानुवर्षे बहुधा स्थिर राहते, असे त्यास आढळले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंकेने मात्र या स्थैर्याला दोनदा धक्का दिला. एकदा आलेख वर चढताना आणि एकदा खाली उतरताना.

१९५० साली, देश सिलोन म्हणून ओळखला जात असताना, तेथील प्रमाण अल्प होते. पुढील ४५ वर्षांत ते आठपट वाढून १९९५ मध्ये दर लाखास ४७ वर गेले. जगातील अत्यंत चिंताजनक प्रमाणांत त्याची गणना होऊ लागली. ही वाढ सर्वत्र सारखी नव्हती. नैर्ऋत्येकडील पावसाळी, दाट वस्तीच्या पट्ट्यापेक्षा अनुराधपूर, पोलोन्नरुव यांसारख्या कोरड्या मुलखाची स्थिती अधिक वाईट होती. प्राचीन तलावांचा हा ओसाड प्रदेश हिवतापाला आळा बसल्यावर पुन्हा माणसांनी भरू लागला. सरकारी पाटबंधारे योजनांनी जमीन दिली, पाणी दिले. पण गावची भावकी, विहार आणि वडीलधारी माणसे मागेच राहिली. १९८५ साली कर्नी आणि मिलर या अभ्यासकांनी आत्महत्यांच्या वाढीचा संबंध या स्थलांतराशी जोडला. द्युरखेमला हे निदान पटले असते, आणि ते खोटेही नव्हे. फक्त अपुरे होते. नव्या भातशेतीबरोबर आणखी एक वस्तू घराघरांत शिरली होती, ती म्हणजे कीटकनाशकाची बाटली.

रुग्णालयांत येणाऱ्यांत तरुणांचा भरणा असे. निमित्त पुष्कळदा घरातील भांडणाचे किंवा एखाद्या कठोर शब्दाचे. निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत विचार आणि कृती यांत अर्ध्या तासाचेही अंतर नव्हते, असे डॉक्टरांच्या चौकशीत दिसून आले. मरणाचा पक्का निश्चय केलेले थोडेच. पण रागाच्या त्या घटकेला हाताशी जे होते, तेच जीवघेणे होते.

येथे कथेत एक सरकारी कचेरी येते. १९८० च्या कायद्याने कीटकनाशकांची नोंदणी निबंधकाच्या अखत्यारीत आली. १९८४ मध्ये दोन अतिविषारी द्रव्ये बाजारातून काढण्यात आली, १९९५ मध्ये त्या वर्गातील उरलेल्यांवर निर्बंध आले आणि १९९८ मध्ये आणखी एक द्रव्य गेले. राजपत्रातील असल्या सूचना कोण वाचतो? तथापि १९९६ ते २००५ या दशकात आधीच्या दशकापेक्षा सुमारे २०,००० आत्महत्या कमी झाल्या.

या वर्षांत देश काही सुखी झाला नव्हता. यादवी युद्ध २००९ पर्यंत चालू होते. बेकारी, मद्यपान, घटस्फोट यांच्या आकड्यांतूनही या घसरणीचा उलगडा होत नाही. १९९७ साली राष्ट्राध्यक्षांनी प्रतिबंधासाठी समिती नेमली आणि १९९८ मध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा राहिला नाही, ही पावले मोलाचीच. पण उतार त्याआधीच सुरू झाला होता. अधिक बोलकी गोष्ट अशी की, विषबाधेने रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या घटली नाही. माणसे तितकीच दुखावत होती, तितकीच रागावत होती. मात्र त्यांतील पुष्कळजण आता घरी परतत होते. इंग्लंडमध्ये १९६३ ते १९७५ या काळात घरगुती वायूतील विषारी अंश नाहीसा होत गेला, तेव्हाही एकूण आत्महत्या जवळजवळ एकतृतीयांशाने घटल्या होत्या.

पिकांचे काय होणार, ही शंका साहजिक होती. भाताच्या उत्पन्नात मात्र घट दिसली नाही. मग २००८ ते २०११ या काळात आणखी तीन द्रव्ये टप्प्याटप्प्याने काढण्यात आली. इतर मार्गांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण काहीसे वाढले, तरी त्याने एकूण घट पुसली गेली नाही. १९९५ च्या मानाने २०१५ पर्यंत लंकेतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले होते.