समीकरणांची देवघेव

मार्च 1951 पर्यंत अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांची समीकरणे तयार झाली होती. माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूतून विद्युत्स्पंद कसा धावतो, हे सोडियम व पोटॅशियमच्या प्रवाहांवरून गणिताने काढायचे होते. नेमका तेव्हाच केंब्रिज विद्यापीठाचा संगणक फेरबदलांसाठी सहाएक महिने बंद राहणार असल्याचे कळले. मग हक्स्ली ब्रुन्सविगा या हातयंत्राचा दांडा फिरवत बसले. धावत्या स्पंदाच्या गणिताला सुमारे तीन आठवडे लागले. उत्तर आले सेकंदाला 18.8 मीटर, प्रत्यक्ष मोजलेला वेग होता 21.2 मीटर.

पुढे 1963 चे नोबेल मिळाले, ते सर्वश्रुत आहे. मला मोलाचे वाटते ते वेगळेच. 1952 च्या त्यांच्या लेखात प्रत्येक समीकरण आणि प्रत्येक स्थिरांक छापलेला आहे. लेख हाती असला की तेच गणित कोणालाही पुन्हा मांडता येते.

मी ते घरच्या संगणकावर मांडून पाहिले. पहिल्यांदा पडद्यावर नुसती सरळ रेघ आली. हॉजकिन-हक्स्ली उत्तेजनेचा विद्युत्दाब ऋण धरतात, आजची पाठ्यपुस्तके धन. मी अर्धी सूत्रे लेखातून आणि अर्धी पुस्तकातून उचलली होती! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. पण चूक सापडली, कारण तपासायला मूळ सगळे समोर होते.

या समीकरणांचा पुनर्वापर लवकरच झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस नोबल यांना हृदयपेशीचा स्पंद समजून घ्यायचा होता. मज्जातंतूतला स्पंद एकदोन सहस्रांश सेकंदांत आटोपतो, हृदयातला शेकडो सहस्रांश टिकतो. नोबल यांनी पाया नव्याने घातला नाही. हॉजकिन-हक्स्लींचीच चौकट घेऊन त्यांनी पोटॅशियमचा प्रवाह दोन भागांत विभागला. मर्क्युरी संगणकावर त्यांना मिळायची ती वेळ पहाटे दोन ते चार. 1960 साली ‘नेचर’मध्ये त्यांचे काम आले, आणि हृदयाच्या आजच्या प्रारूपांची वंशावळ तिथून सुरू होते.

अडचण आली ती प्रारूपे फुगल्यावर. पेशीतल्या रासायनिक साखळ्यांची प्रारूपे झाली, समीकरणे शेकड्यांत गेली. लेखाची पाने मात्र तेवढीच. प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम प्रयोगशाळेतल्या यंत्रावर आणि त्याचे वर्णन नियतकालिकात, अशी फारकत झाली. हाताने उतरवताना एखादे चिन्ह उलटे पडे, एखादे एकक बदले, आरंभीची संहती लिहायचीच राहून जाई. वाचणाऱ्याला लेख पूर्ण वाटे. यंत्राला दिला की तो लंगडा निघे.

यावर उपाय म्हणून यंत्रालाच वाचता येईल अशी समाईक लेखनपद्धत हवी होती. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या गटाने सेलएमएल आणली. 2001 मध्ये एसबीएमएलची पहिली आवृत्ती आली. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला यांच्या गटाने पेशीतील संदेशवहनाच्या प्रारूपांचा संग्रह उभारला. 2005 मध्ये केंब्रिजजवळच्या हिंक्स्टन येथे ‘बायोमॉडेल्स’ संग्रह सुरू झाला. तिथले संपादक प्रारूप स्वतः चालवतात, लेखातली आकृती पुन्हा उमटते का ते पाहतात आणि मगच त्याला ‘तपासलेले’ म्हणतात. हे कष्टाचे काम आहे, आणि त्याचे श्रेय फारसे कोणाला मिळत नाही.

किती कष्टाचे, ते 2021 मध्ये त्यांच्याच गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. छापलेली 455 प्रारूपे तपासली गेली. लेखातल्या माहितीवरून निम्मी, म्हणजे 49 टक्के, चालवता आली नाहीत. खटपट करून किंवा लेखकांना विचारून आणखी 12 टक्के सुटली. उरलेल्यांत कुठे स्थिरांक नव्हते, कुठे आरंभीच्या किमती, कुठे समीकरणांचाच मेळ बसत नव्हता.

त्याच संग्रहात विसाव्या क्रमांकावर हॉजकिन-हक्स्लींचा मज्जातंतू आहे. फाइल उतरवून घेतली की स्पंद क्षणात उमटतो.