गंधप्रसार
गंधप्रसार : पदार्थाचे बाष्परूप रेणू हवेत मिसळून दूरवर पसरण्याची क्रिया. वायूंच्या विसरणाची त्वरा घनतेच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा नियम टॉमस ग्रॅहॅम यांनी १८३३ मध्ये प्रसिद्ध केला (पाहा : विसरण). रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावतात, तर वास खोलीभर पसरायला वेळ का लागतो, हा वरवर साधा आक्षेप डच शास्त्रज्ञ बॉइस बालॉट यांनी वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतावर घेतला. रूडॉल्फ क्लाउझियस यांनी १८५८ मध्ये उत्तर दिले : रेणू सतत एकमेकांवर आदळून दिशा बदलतात. यातूनच ‘माध्य मुक्त पथ’ (लागोपाठच्या दोन टकरींदरम्यान रेणू कापत असलेले सरासरी अंतर) ही संकल्पना आली. सामान्य दाबाच्या हवेत तो सु. ७० नॅनोमीटर असतो. स्थिर हवेतील विसरण इतके मंद असते, की घरातला वास मुख्यत्वे हवेच्या प्रवाहांनीच पोचतो (पाहा : संनयन). जवळजवळ गंधहीन असलेल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून एथिल मरकॅप्टन मिसळतात.